अकरा महिन्यांचं घर



मुंबईत परवडणारी भाड्याची जागा मिळेल का, असं कुणी विचारलं की आपण महिन्याच्या भाड्याचा आकडा सांगून मोकळे होतो. पण माणूस अडतो तो पहिल्या दिवशी. समजा, डोंबिवलीला वन बीएचके २०,००० रुपयांत ठरलं. मालकाने डिपॉझिट मागितलं १ लाख. दलालाची एका महिन्याची दलाली २०,०००, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ २०,०००, टेम्पो आणि हमाल वेगळे. चावी हातात पडेपर्यंत दीड लाखाच्या आसपास रक्कम खिशातून जाते. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाने किंवा मुलीने ती आणायची कुठून? मग गावाकडे वडिलांची एफडी मोडते, नाहीतर आईच्या पाटल्या तारण जातात.

गंमत म्हणजे या रकमेत सरकारचा वाटा अगदी किरकोळ आहे. करारावर मुद्रांक शुल्क लागतं ते एकूण भाड्याच्या पाव टक्का. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचे पावणेसहाशे रुपये होतात. नोंदणी फी शहरात १,००० रुपये. नोंदणी करून देणाऱ्या एजंटाचे वरकड पैसे धरले तरी हे काही कंबर मोडणारं नाही. कंबर मोडते डिपॉझिटने आणि दलालीने. केंद्राच्या २०२१ सालच्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढीच अनामत घ्यावी असं म्हटलंय खरं; पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही.

मालक एवढं डिपॉझिट का मागतो? हावरट असतो म्हणून? काही असतातच. पण मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे मालकांची बाजूही रोज ऐकतो, आणि मला दिसते ती भीती. तिचं मूळ जुनं आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंच होतं. पण टंचाई सरली नाही आणि भाडीही हलली नाहीत. गिरगाव-लालबागच्या चाळींत भाड्याच्या पावतीपेक्षा ती आणून देणाऱ्या माणसाचा पगार जास्त, अशी वेळ आली. मालकांनी डागडुजी सोडली, पागडीचा व्यवहार फोफावला. त्यात १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी नुसत्या परवानगीवर, राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. तेव्हापासून ‘जागा दिली की गेली’ हे वाक्य मुंबईच्या मालकांनी मनाशी पक्कं धरलं. २०११ च्या जनगणनेत या शहरात पावणेपाच लाखांहून अधिक घरं रिकामी सापडली. सगळीच काही भीतीपोटी बंद नसतील; पण काही नक्कीच असतील.

कायदा मात्र बदलून गेला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली राहती जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. याच कायद्याने प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं, आणि ती जबाबदारी टाकली मालकावर. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ‘साध्या स्टॅम्पपेपरवर करू, कशाला खर्च’ असं म्हणणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. त्याला हे सौम्य शब्दांत सांगावं. बहुतेकदा तो लगेच नोंदणीला तयार होतो.

नोंदणी हल्ली घरबसल्या होते. मागे आमच्या इमारतीतल्या एका काकूंच्या घरी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. भांडी-धुण्यात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र काही घेईना. हात पुसून झाले, खोबरेल लावून झालं, शेवटी मधल्या बोटावर जमलं. भिंतीला टेकून फोटो काढताना काकूंनी मला हळूच विचारलं, “वेळेवर सोडतील ना हो?” त्यांच्या वडिलांची गिरगावात चाळ होती. समोर बसलेलं तरुण जोडपं त्याच वेळी दुसऱ्या काळजीत : डिपॉझिट परत मिळेल ना?

त्यावर माझा साधा उपाय असा. राहायला जाण्याआधी मालकाला सोबत घेऊन प्रत्येक भिंतीचे, नळांचे, मीटरचे फोटो काढा आणि तिथल्या तिथे त्यालाच पाठवून ठेवा. जागा सोडताना रंगाचे पैसे कापण्यावरून जी भांडणं माझ्याकडे येतात, त्यातली निम्मी या फोटोंनीच मिटतात. पाणी किती वाजता येतं, टँकर मागवावा लागतो का, हे दलालाला विचारू नका, वॉचमनला विचारा. दलालाची ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ ऑफिस सुटायच्या वेळी एकदा चालून बघा. शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागत असेल, तर महिन्याकाठचे ते पैसे भाड्यात धरा.

सोसायट्यांबद्दलही बोलायला हवं, माझी धरून. भाडेकरू ठेवला म्हणून सभासदाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेतात, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा राज्य शासनाचा २००१ सालचा आदेश आहे. काही सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावतात आणि मालक तो निमूटपणे भाड्यात चढवतो. ‘फक्त फॅमिली’, एकट्या मुलींना उलटतपासणी, आडनाव ऐकून ‘जागा कालच गेली’, हे प्रकार सुरक्षेच्या नावाखाली चालतात. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली, कराराची प्रत फायलीला लावली, की सेक्रेटरीने आणखी काय विचारायचं असतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आता अकरा महिन्यांचं बघा. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून ती टाळायला अकराची प्रथा पडली. आपल्याकडे नोंदणी तशीही सक्तीची, मग अकरातच अडकायचं कारण काय? साठ महिन्यांपर्यंत लिव्ह अँड लायसन्स करता येतं. वर्षाला ५ टक्के वाढ करारातच लिहून तेहतीस महिन्यांचा केला, तर आपल्या उदाहरणात मुद्रांक शुल्क १,८०० रुपयांच्या आसपास येतं, नोंदणी फी एकदाच. दर वर्षी नवी दलाली नाही, टेम्पो नाही, मुलांची शाळा बदलणं नाही. मालकालाही जागा रिकामी राहण्याचं नुकसान टळतं. एका महिन्याच्या नोटिशीची अट दोघांसाठी घालून घ्या, आणि सुरुवातीचे काही महिने जागा सोडायची नाही असं कलम असेल तर ते किती महिन्यांचं आहे, हे सही करण्याआधी वाचा. करार इंग्रजीत असेल तर कुणाकडून तरी मराठीत समजून घ्या, आणि नोंदणी झालेली प्रत आपल्याजवळ आल्याशिवाय डिपॉझिटची पूर्ण रक्कम देऊ नका.