टेकड्यांवरची कॉफी



पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले, तर जेवढा मुलूख होईल, साधारण तेवढाच रवांडा. समुद्र नाही. आहेत त्या टेकड्या, आणि त्यांच्या उतारांवर लाखो लहान शेतकऱ्यांची काहीशे झाडांची कॉफी.

हे पीक 1904 च्या सुमारास जर्मन मिशनऱ्यांनी आणलं. मग बेल्जियमची सत्ता आली आणि लागवड सक्तीची झाली. पिकवायचं रवांडानं, भाव ठरायचा परदेशात! 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत मोडली आणि जगभर भाव गडगडले. पाच वर्षांनी, 1994 साली, तुत्सींचा भीषण नरसंहार झाला. पिकाकडे बघायला माणसंच उरली नाहीत.

तोवर शेतकरी घरीच दगडानं फळं फोडून बिया वाळवत. असला माल स्वस्तातच जायचा. 2001 मध्ये दक्षिणेतल्या माराबा इथे सहकारी संस्थेनं धुलाई केंद्र उभारलं. सभासदांत नरसंहारात विधवा झालेल्या अनेक बाया होत्या. पिकलेलं लाल फळ तोडल्या दिवशीच केंद्रावर पोचावं लागतं. उशीर झाला की ते आंबतं, चव बिघडते. तिथे गर काढतात, बिया आंबवून स्वच्छ धुतात आणि जाळीच्या उंच मांडवांवर पसरतात. दोन्ही बाजूंना उभ्या राहून बाया हातानं एकेक डागी दाणा वेचतात. एवढं करूनही एखादा दाणा दगा देतो. झाडावरच्या एका ढेकणासारख्या किड्यामुळे त्याला कच्च्या बटाट्याचा वास येतो आणि अख्खा कप वाया जातो. भाजून दळेपर्यंत हे कळतही नाही, मग वेचणार कसं?

माराबाची कॉफी 2003 मध्ये ब्रिटनच्या दुकानांत पोचली. पाठोपाठ देशभर शेकडो केंद्रं निघाली. आता सरकारी निर्यात मंडळ दर हंगामात फळांचा किमान भाव जाहीर करतं. पण कच्च्या मालाला अजूनही टांझानिया किंवा केनियाचं बंदर गाठावं लागतं, म्हणजे हजाराहून अधिक किलोमीटरचा ट्रकचा प्रवास. त्या भाड्याचा भार शेवटी शेतकऱ्याच्या भावावरच पडतो.

माझ्या मते रवांडानं दर्जाची लढाई बरीचशी जिंकली आहे, नफ्याची नाही. बहुतेक माल आजही न भाजताच बाहेर जातो आणि मोठी कमाई होते ती भाजून, पाकिटात भरून विकणाऱ्याची.