लाल खुणा मोजू नका, वाचा



मुलाची वही हाती आली की आपण लाल खुणा मोजतो. खुणा फार दिसल्या की मूल ‘ढ’ ठरते आणि मुलगी असेल तर तिचे पुढचे शिक्षणच थांबवावे, असा विचार घरात सुरू होतो. हा निवाडा घाईचा आहे.

पालघर-बोईसर-तारापूर भागात आपल्या घरांतून कुठे कोकणी, कुठे उर्दू, कुठे हिंदी बोलली जाते. उर्दूत ‘ळ’ व ‘ण’ नाहीत. म्हणून ‘शाळा’ची ‘शाला’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ होते. ‘गरीब’, ‘वकील’, ‘जमीन’ हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. परंतु मराठीत प्रत्यय लागताच ‘गरिबाला’, ‘वकिलाने’, ‘जमिनीत’ अशी वेलांटी ऱ्हस्व होते. उर्दूत ‘ये’ तसाच राहतो. अशी चूक दहा ठिकाणी झाली तर त्या दहा चुका नव्हेत. तो एकच न शिकलेला नियम आहे. शासनमान्य लेखनाचे नियम तरी किती? 1962 साली 14 झाले, 1972 साली त्यांत 4 ची भर पडली. ते शिकता येतात.

पारख करण्यासाठी तीन कामे द्यावीत. पाच ओळी पाहून लिहिणे, पाच ओळी ऐकून लिहिणे आणि पाच ओळी मनाने लिहिणे. पाहून लिहितानाच अडखळत असेल तर हात व नजर तपासावी. ऐकून लिहिताना चुकत असेल तर उच्चार व नियम शिकवावेत. फक्त मनाने लिहिताना चुकत असेल तर लिहिलेले पुन्हा वाचण्याची सवय लावावी.

मापही वयाप्रमाणे हवे. सात-आठ वर्षांच्या मुलाचे अक्षराचे वळण, शिरोरेघ व दोन शब्दांतील अंतर पाहावे. तेरा-चौदाव्या वर्षी ऱ्हस्व-दीर्घ, पूर्णविराम व परिच्छेद पाहावेत. अठरा-वीस वर्षांच्या तरुणाने मात्र स्वतःचा अर्ज स्वतः तपासावा. नाव एका दाखल्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असेल, तर कारखान्यात, बँकेत, पासपोर्टसाठी हेलपाटे त्यालाच घालावे लागतात.

विचारांना आणि शुद्धलेखनाला वेगवेगळे गुण द्यावेत, अशी शिक्षक बंधूंना विनंती आहे. मेहनत करूनही एखाद्याचे लेखन सुधारत नसेल तर त्याला मारू नये, तज्ज्ञाला दाखवावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

पालकांनो, आज घरी गेल्यावर वही उघडा. चुका किती, हे विचारू नका. कोणती चूक पुन्हा पुन्हा होते, ते पाहा. महिनाभर तेवढ्या एकाच चुकीवर मेहनत घ्या. मुलाला शाळेतून काढण्याचा विचार त्यानंतर आपोआप मागे पडेल.