निहाली : दहा हजारांच्या आतली भाषा

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुका आहे. तेथील काही वस्त्यांत पाण्याला ‘जोप्पो’ म्हणतात. मराठी, हिंदी, कोरकू वा गोंडी यांपैकी कोणत्याही भाषेशी या शब्दाचे नाते लागत नाही. ही निहाली भाषा. बोलणारे तिला ‘कालटो’ म्हणतात. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या खंडात तिला मुंडा भाषांसोबत बसविले गेले. १९६२ साली डच भाषापंडित कायपर यांनी तिचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आज अनेक अभ्यासक तिला कोणत्याच ज्ञात कुळात धरीत नाहीत. बोलणारे उरले आहेत जेमतेम दोन-अडीच हजार.

जागतिकीकरणावर सारा दोष टाकणे सोपे आहे; परंतु निहालीची अंकमाला वेगळेच सांगते. एक हा अंक तिचा स्वतःचा. दोन, तीन, चार द्राविडी वळणाचे. पाचपासून पुढे शेजारच्या आर्य भाषांचे. आठवड्याच्या हाटाने हे शब्द कधीच देऊन टाकले होते. कोरकूकडून तर तिने मुक्तहस्ताने उसनवारी केली. तरीही ती जगली, कारण घरात, चुलीपाशी, लेकराशी बोलताना तीच होती.

१९९१ नंतरचा बाजार मात्र हाटासारखा आठवड्यातून एकदा भरून उठत नाही. बियाण्याच्या पाकिटावरील सूचना, मजुरीचा हिशेब, भ्रमणध्वनीवरील गाणे हे सारे घरातच येऊन बसते आणि त्यांतले काहीही निहालीत नसते. मुलाने मराठी-हिंदी शिकावी, असे आईबापांना वाटते. त्यात त्यांची चूक काय?

अडचण कागदावरही आहे. १९७१पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे दाखविल्या जात नाहीत. जिची संख्याच छापली जात नाही, तिच्यासाठी पाठ्यपुस्तक मागायचे कोणी? घटनेचा अनुच्छेद ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगतो. २००९चा शिक्षण हक्क कायदाही शक्यतो मातृभाषाच माध्यम असावी असे म्हणतो. ‘शक्यतो’ या शब्दाला येथे फार मोठे ओझे वाहावे लागते.

पुस्तक नसले तरी वही असू शकते. पहिलीच्या वर्गातील शिक्षकाने मुलांचे शब्द देवनागरीत उतरवून घ्यावेत; ग्रामपंचायतीने महिन्यातून एकदा एखाद्या आजीला शाळेत बोलवावे. रानातील कंद, झाडे, पाखरे यांची नावे तिच्या तोंडून प्रथम नोंदवावीत, कारण ती नावे हाटात कधी विकली गेली नाहीत आणि म्हणून बदललीही नसावीत.