प्रलयाची एक आयत आणि आपण

कुरआनविषयी मराठीत बोलणं होतं ते बहुतेक वेळा त्यात काय सांगितलं आहे याबद्दल. ते कसं सांगितलं आहे, हा प्रश्न आज मला आपल्यापुढे ठेवायचा आहे. अरबी साहित्यशास्त्राचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती वाढला. कुरआनसारखं दुसरं काही का रचता येत नाही, यावर अल-बाकिल्लानींसारख्या पंडितांनी ग्रंथ लिहिले. त्या साऱ्यांत मला सर्वांत मोठे वाटतात ते अकराव्या शतकातले व्याकरणकार अब्दुल काहिर अल-जुर्जानी.

जुर्जानी म्हणतात, सुट्या शब्दाला थोरवी नसते. थोरवी असते ती ‘नज्म’ची, व्याकरणाच्या नात्यांनी झालेल्या जुळणीची. उदाहरणाला ते ११व्या सूरेतली (अध्यायातली) ४४वी आयत (वचन) घेतात. नूहचा प्रलय ओसरतो आहे. पृथ्वीला हाक मारून तिचं पाणी गिळायला सांगितलं जातं, आकाशाला आवरतं घ्यायला सांगितलं जातं. पाणी इथं नुसतं पाणी नाही, ते पृथ्वीचं आहे. मग क्रियापद कर्मणी होतं. पाणी आपण होऊन उतरत नाही, ते उतरवलं जातं. कोणी उतरवलं, हे वाक्य सांगत नाही, आणि म्हणूनच हुकूम देणाऱ्याचा दरारा सगळीकडे भरून राहतो. शेवटी जूदी डोंगरावर तारू टेकतं, पण ‘तारू’ हा शब्दही आयतीत येत नाही. नुसत्या क्रियापदानं ते दिसतं. यातला एकेक शब्द बाजूला काढून पाहा, असं जुर्जानी सांगतात. तो बाजारातलाच शब्द असतो. भक्तिभावानं डोळे मिटून नव्हे, तर वाक्याचा सांधा न् सांधा तपासून हा माणूस विस्मयापर्यंत पोचला, याचं मला फार मोल वाटतं.

कुरआनचा दुसरा विशेष म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा सतत बदलतो. पहिल्याच सूरेत ईश्वराची स्तुती ‘तो’ म्हणून सुरू होते आणि पाचव्या आयतीत भक्त एकाएकी ‘तू’वर येतो. या वळणाला अरबी शास्त्रकार ‘इल्तिफात’ म्हणतात. ‘सांग’ अशी आज्ञा तर कुरआनात तीनशेहून अधिक वेळा येते. तिच्या आगेमागे अनेकदा आक्षेप घेणाऱ्यांचे शब्द उभे असतात. म्हणजे सातव्या शतकातल्या मक्का-मदिनेतले विरोधक, शंकेखोर, थट्टा करणारे, सगळे त्या ग्रंथात आपापल्या आवाजात बोलतात. हा एकसुरी उपदेश नाही, भर वादातलं बोलणं आहे, आणि ते मुळात कानांसाठी आहे.

गोष्ट सांगण्याची रीत पाहायची तर १२वी सूरा, यूसुफची. तुरुंगात यूसुफबरोबर असलेला, आता सुटलेला सोबती राजाच्या दरबारात म्हणतो, मला पाठवा, स्वप्नाचा अर्थ मी आणतो. पुढच्याच आयतीत तो यूसुफला हाक मारत असतो. वाट, दरवाजा, पहारेकरी, सगळं गाळलेलं! पुढे थोरला भाऊ मिसरमध्ये इतरांना सांगतो, वडिलांना जाऊन असं असं सांगा. निरोप संपतो न संपतो तोच म्हाताऱ्या याकूबचं उत्तर ऐकू येतं. वाळवंटातला तो सारा प्रवास दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झालेला असतो.

अशा वाचनाची विसाव्या शतकात किंमतही मोजावी लागली. असं वाचन शिकवणाऱ्या अमीन अल-खूली यांचे विद्यार्थी मुहम्मद अहमद खलफल्लाह यांनी कुरआनातल्या कथनकलेवर प्रबंध लिहिला, आणि १९४७ साली कैरोत त्यावर वादळ उठून तो नाकारला गेला. तो पुढे पुस्तकरूपानं आला. खूलींच्याच परंपरेतल्या आयशा अब्दुर्रहमान, ‘बिंत अश-शाती’, यांनी छोट्या सूरांचं साहित्यिक भाष्य लिहून ती वाट रुंद केली. साहित्य म्हणून वाचल्यानं ग्रंथाचं पावित्र्य उणावतं, हे मला मान्य नाही. जुर्जानी श्रद्धावानच होते.

म्हणून मराठी अनुवादकांना माझी कळकळीची विनंती आहे. यूसुफच्या गोष्टीतली गाळलेली वाट कंसात भरू नका. ‘तो’वरून ‘तू’वर आलेलं वळण वाचकाच्या सोयीसाठी सपाट करू नका. देवाला एकेरी हाक मारणाऱ्या आपल्या भाषेला ते वळण मुळीच अवघड नाही. आणि अनुवाद हातावेगळा करण्याआधी मूळ सूरा चांगल्या कारीकडून, म्हणजे कुरआन-पठण करणाऱ्याकडून, मोठ्यानं म्हणवून ऐका, अरबी येत नसली तरीही.