रात्री दोन वाजताचा मार्गदर्शक

प्रबंधाची जुळवाजुळव सुरू असते तेव्हा मार्गदर्शकांची गाठ पडत नाही, मित्र कंटाळतात. चॅटजीपीटी मात्र रात्री दोन वाजताही हजर! त्याच्याशी वाद घालावा, हाच मला त्याचा खरा उपयोग वाटतो. समजा, विषय आहे मराठवाड्यातलं स्थलांतर. ‘छान मुद्दे सुचव’ म्हणालात, तर उत्तर गुळगुळीत येणार. त्याऐवजी ‘दुष्काळामुळेच माणसं गाव सोडतात’ हे आपलं गृहीतक सांगा आणि म्हणा, ‘हे खोडून काढ.’ मग ऊसतोडीचा हंगाम, जमीनधारणा, मुकादमाची उचल असे निसटलेले धागे हाती लागतात.

संदर्भ मात्र त्याच्याकडून उसने घेऊ नका. हे यंत्र शब्दापुढे संभाव्य शब्द जुळवत जातं. त्यामुळे नसलेलं पुस्तकही लेखक, पानांसकट बिनदिक्कत सांगतं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेल्या खटल्यांचे दाखले कोर्टात दिले. दंड झाला ५,००० डॉलर. तेव्हा प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत शोधा. प्रबंध असेल तर ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाहा, तो सर्वांना मोफत खुला आहे. आणि हो, प्रबंधासाठी मुलाखती दिलेल्या माणसांची नावं-गावं चॅटच्या खिडकीत टाकू नका.