मत्राहचा बाजार आणि रूममेटची यादी

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग नाही, करिअर टिप्स नाहीत. आज तुम्हाला एका बाजारात नेतो. मस्कतच्या मत्राह सूकमध्ये. सूक म्हणजे अरबीत बाजार.

झालं असं की माझा हॉस्टेलचा रूममेट, मूळचा चिपळूणकडचा, तीन वर्षांपासून मस्कतला साइट इंजिनिअर आहे. फेब्रुवारीत त्याचा फोन आला, "ये रे दोन दिवस. नंतर जमेल का माहीत नाही." मला वाटलं, हा उन्हाळ्याबद्दल बोलतोय. तिकीट काढलं. मुंबईहून तीन तासही लागत नाहीत, मंडळी.

ओमानमध्ये वीकेंड शुक्रवार-शनिवार असतो. शुक्रवारी सकाळी बाजार बहुतेक बंदच, म्हणून आम्ही संध्याकाळी गेलो. समोर समुद्र, बंदरात बोटी, वर टेकडीवर पोर्तुगीजांच्या काळातला किल्ला. १६५० मध्ये ओमानी लोकांनी मस्कतमधून पोर्तुगीजांना हाकललं. आपल्याकडे वसईला मराठ्यांनी हाकललं १७३९ मध्ये, म्हणजे हे लोक आपल्या बरेच आधी.

आत शिरलात की अरुंद गल्ल्या, वर लाकडी छत, आणि सगळीकडे लोबानचा वास. लोबान म्हणजे दक्षिणेतल्या धोफार भागातल्या झाडाचा डिंक. सालीला चीर देतात, चीक बाहेर येतो, वाळतो, मग खडे काढून घेतात. फिकट, हिरवट झाक असलेला खडा भारी समजतात.

आता माझी फजिती ऐका. पाटीवर लिहिलं होतं २.५००. मी म्हटलं, "अडीच हजार? एवढ्याशा पुडीचे?" रूममेट हसायलाच लागला. एका रियालचे १००० बैसा होतात, म्हणून दशांश चिन्हापुढे तीन आकडे. बीटेक करून दशांश चिन्ह दिसलं नाही मला! आणि बैसा म्हणजे आपला पैसाच बरं का. ओमानमध्ये १९७० पर्यंत रुपया चालायचा. भारताच्या रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, त्या.

दुकानदार आजोबा होते. पांढरा पायघोळ झगा, नक्षीची टोपी, आणि हिंदी माझ्यापेक्षा चांगली. ते रूममेटशी अरबीत बोलताना मी कान देऊन ऐकत होतो, तर मधेच ओळखीचे शब्द यायला लागले. हिशोब. बाकी. विचार केला तर दुकान, किंमत, वजन, नफा, सगळे मुळात अरबीच. आपण मंडईत भाजी घेताना अर्धी अरबी बोलतो आणि पत्ता नाही.

मी घासाघीस करून पाच रियालची मोठी पुडी साडेतीनवर आणली. एकदम खूश! पण रूममेट नुसता फिरत होता. त्याच्या मोबाईलमध्ये यादी होती: आईला लोबान, ताईला अत्तर, काकांना खजूर, भाच्याला काहीतरी, शेजारच्या दोघांना काहीतरी. अत्तराची बाटली हातात घ्यायचा, वास घ्यायचा, परत ठेवायचा. तीन दुकानांत हेच.

बाहेर येऊन आम्ही समुद्राकडेच्या कठड्यावर चहा घेऊन बसलो. मी म्हटलं, "काय रे, एवढा चिक्कू कधी झालास?"

तो म्हणाला, "कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही झालं. पुढच्या महिन्यात परत."

"घरी सांगितलंस?"

"नाही. भरलेली बॅग घेऊन गेलो की मग सांगेन. रिकामा कसा जाऊ? आमच्याकडे मुलगा गल्फवरून आला की आधी बॅगेकडे बघतात."

खरं सांगतो, मी पाकीट काढलं. "मी घेतो सगळं, नंतर दे." तो चिडला. "बॅगेचा प्रश्न नाहीये, येड्या!" मग मी गप्प बसलो. दहा मिनिटं कोणीच काही बोललं नाही.

शेवटी तो उठला आणि आजोबांच्या दुकानात परत गेला. यादीतली एकच वस्तू घेतली, आईचा लोबान. भाव केला नाही. आजोबांनी वजन करून वर एक मूठ आणखी टाकली, आपली भाजीवाली वर कोथिंबीर टाकते ना, तशी. मला नव्हती टाकली हं! मी घासाघीस केली होती ना.

त्याने तिथूनच घरी फोन लावला. सगळं सांगून टाकलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काकूंचा आवाज, मलाही ऐकू आला, "मग तिकीट काढलंस का? आंबे उतरायच्या आधी ये. झाडावर चढायला माणूस मिळत नाही."

तो हसला. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा.

तर मंडळी, मत्राहला गेलात तर शुक्रवारी संध्याकाळी जा, सुटे पैसे ठेवा, आणि घ्यायचं नसेल तर भाव सांगू नका. तुम्ही सांगितलेला भाव दुकानदाराने मान्य केला की मागे फिरणं बरं दिसत नाही. आणि तुमचा कोणी मित्र तिकडे असेल, तर आज त्याला फोन करा. "काय आणतोयस?" नको. "कधी येतोयस?" एवढंच विचारा.

रूममेट सध्या पुण्यात माझ्याच फ्लॅटवर आहे, इंटरव्ह्यू देतोय. लोबान चिपळूणला पोचला. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!