सुपारी फुटते तेव्हा

दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट टेकवा आणि सावकाश आ करा. बोटाखालचं हाड नुसतं फिरत नाही, पुढेही सरकतं. कोपराला हे जमत नाही. त्यात खालचा जबडा म्हणजे एकसंध हाड. डावा सांधा हलला की उजव्याला स्वस्थ बसता येत नाही. खालच्या पुढच्या दाताचं टोक कुठवर जाऊ शकतं, याची हद्द स्वीडनच्या उल्फ पोसेल्ट यांनी १९५२ साली आखून दिली. पण जबडा तिथवर कुणाच्या जोरावर जातो?

जिवंत माणसाच्या या सांध्यात बल मोजायचं यंत्र बसवता येत नाही. म्हणून संगणक. सीटी स्कॅनवरून हाडाचा आकार घ्यायचा, एमआरआयवरून स्नायूंची जाडी आणि ओढीची दिशा घ्यायची आणि न्यूटनचे नियम लावायचे. गोची अशी, की स्नायू गरजेपेक्षा जास्त आहेत. एकच घास ते अनेक प्रकारे वाटून घेऊ शकतात. मग शरीर कमीत कमी श्रम करतं असं काहीतरी गृहीत धरावं लागतं. मला त्याचा जरा संशयच येतो. शरीर इतकं काटकसरी असेलच कशावरून?

आता सुपारी घ्या. दाढेखाली ती कडकन फुटते, विरोध एकाएकी नाहीसा होतो. तरी दात दातांवर जोरात आपटत नाहीत. का? ‘ढिले पडा’ हा निरोप मज्जातंतूंतून येऊन स्नायू सैल पडेपर्यंत उशीर झालेला असतो. उत्तर स्नायूतच आहे. तो जितक्या वेगाने आखडतो तितकी त्याची ओढ कमी होते, ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूंवर हे दाखवलं होतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९७ साली जबड्याचं गणिती मॉडेल केलं, तेव्हा हाच गुण ब्रेकचं काम करतो असं दिसलं. संगणकात हा गुण काढून टाकून पुन्हा सुपारी फोडता येते. तुमच्या-माझ्या तोंडात नाही.

याच सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली कर्करोगकारक ठरवलं. गुटखा आणि तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात असे रुग्ण रोज येतात. काहींच्या जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. सलगता तुटली की उरलेला जबडा कापलेल्या बाजूला ओढला जातो. व्हँकुव्हरच्या ॲलन हॅनम, इयन स्टॅवनेस आणि सहकाऱ्यांनी २०१० साली असा कापलेला जबडा आणि कृत्रिम तुकडा बसवून जोडलेला जबडा, दोन्ही ‘आर्टिसिंथ’ या संगणकप्रणालीत चालवून पाहिले.

शल्यविशारद पायातलं बारीक हाड काढून जबड्याची भर करतात, त्याचा आकार आधी संगणकावर ठरवता येतो. हाडासोबत गेलेले स्नायू मात्र परत येत नाहीत. मॉडेलमध्येही ते वगळून उरलेल्यांवर किती भार येतो ते पाहावं लागतं, आणि व्रणाने आखडलेल्या ऊतींचा ताण किती धरायचा हा आकडा तिथे सगळ्यांत कच्चा असतो.